सोपयूआय उघडलंच आहे तर आधी ती प्रश्नचिन्हं बघा

सोप सर्व्हिसेस, म्हणजे एक्सएमएलमधून निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या वेब सर्व्हिसेस, अजून मेलेल्या नाहीत, जुन्या सिस्टिमशी जोडायची वेळ आली की कुठे ना कुठे गाठ पडतेच, आणि तेव्हा त्या तपासायला मी अजूनही सोपयूआय हे टूलच उघडतो. पोस्टमन या एपीआय टेस्टिंग टूलमध्ये पण होतं म्हणा, बॉडीत एक्सएमएल टाकून पोस्ट मारायचं, पण ते एन्व्हलप (निरोपाभोवतीचं एक्सएमएलचं वेष्टन) हाताने कोण लिहीत बसणार! इथे डब्ल्यूएसडीएलची (सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलची) लिंक दिली की सगळी ऑपरेशन्स डावीकडे हजर आणि प्रत्येकाची सॅम्पल रिक्वेस्ट तयार, व्हॅल्यूच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह.

खरी गोम त्या प्रश्नचिन्हांतच आहे. ऑप्शनल फील्डच्या वर तशी कमेंट असते, मग लोक काय करतात, प्रश्नचिन्ह खोडतात आणि टॅग तसाच रिकामा ठेवतात. अरे पण रिकामा टॅग वेगळा आणि नसलेला टॅग वेगळा! आकडा किंवा तारीख हवी तिथे रिकामी स्ट्रिंग स्कीमात (एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या नियमांत) बसतच नाही. नको असेल तर अख्खा टॅग उडवा, आणि उरलेल्यांचा क्रम हलवू नका, स्कीमात सीक्वेन्स लिहिलं असेल तर क्रम पण पाळावाच लागतो.

कनेक्शनच लागत नसेल तर वरचा एंडपॉइंट (सर्व्हिसचा पत्ता) बघा, डब्ल्यूएसडीएलमध्ये कधीकधी चक्क लोकलहोस्ट (म्हणजे स्वतःचंच मशीन) राहिलेलं असतं. ४१५ हा एचटीटीपी एरर आला तर बहुतेक सोपच्या व्हर्जनचा घोळ, १.१ ला कंटेंट टाइप टेक्स्ट/एक्सएमएल लागतो आणि १.२ ला ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल.

आणि ५०० (सर्व्हर एरर) दिसला की लगेच सर्व्हर टीमला फोन लावू नका! १.१ मध्ये फॉल्ट (सोपचा एररचा निरोप) ५०० बरोबरच येतो, मग चूक तुमच्या इनपुटची का असेना, त्यामुळे आधी त्यातली फॉल्टस्ट्रिंग (एररचं कारण) वाचा. उलट २०० आला म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही, आत ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असं लिहिलेलं असू शकतं. मी निदान स्कीमा कम्प्लायन्स (उत्तर स्कीमात बसतं का) आणि एक एक्सपाथ मॅच (ठरावीक टॅगमधली व्हॅल्यू बरोबर आहे का) एवढी असर्शन्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासण्या, लावतोच, आणि मुद्दाम चुकीचा आयडी पाठवून फॉल्ट येतोय का तेही बघतो, हे दुसरं कोणी करत नाही आणि बग मात्र तिथेच सापडतात.

हां, आणि सोपयूआयचा प्रोजेक्ट म्हणजे साधी एक्सएमएल फाइल असते, एन्क्रिप्शन लावलं नसेल तर पासवर्डही त्यात उघडे दिसतात, तेव्हा गिटमध्ये ढकलण्याआधी एकदा नजर टाका.