फोडीला सुटलेलं पाणी

मिरगाच्या तोंडावरची दुपार. लाइट गेलेली. परातीत लोणच्याच्या कैरीच्या फोडी, मीठ-हळद चोळून ठेवलेल्या. तासाभरात त्यांना पाणी सुटतं. घातलं मीठ आणि आलं पाणी, ते कुठून, असं आपल्याकडं कुणी विचारत नाही. शेजारी वाडग्यात हरभरे भिजत घातलेले. ते उलट पाणी पिऊन टच्च.

ही दोन भांडी शेजारी दिसली की मला सॅमन आठवतो, नदीत जन्मून समुद्रात जाणारा मासा. मराठवाड्याला ना समुद्र, ना सॅमन. पैठणपासून नांदेडपर्यंत गोदावरीत रोहू, कटला, मरळ. जन्म गोड्यात, मरण गोड्यात. सॅमनचं पोर मात्र नदीत असतं तोवर हरभरा असतं आणि एका वसंतात त्याला फोड व्हावं लागतं. तेही न सुकता.

सलाईनच्या बाटलीत लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. सॅमनच्या रक्ताचा खारटपणाही साधारण तितकाच. नदीत मीठ नावापुरतं, समुद्रात लिटरला 35 ग्रॅम. पाणी कमी खारटाकडून जास्त खारटाकडं ओढलं जातं, म्हणून नदीत ते कल्ल्यांवाटे सारखं आत घुसतं. मासा पाणी जवळपास पीतच नाही, पातळ लघवी करत राहतो आणि कल्ल्यांनी पाण्यातलं मीठ वेचून आत ओढतो. समुद्रात अंगातलंच पाणी बाहेर जायला लागतं. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण आपण जायकवाडीच्या काठावर वापरतो, पण ती खरी त्या माशाची. तो समुद्र पितो. अन्ननलिकेतच त्या पाण्यातलं बरंचसं मीठ शोषलं जातं, खारटपणा उतरतो, मग आतड्यात पाणी जिरतं. आत आलेलं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर फेकतात. मॅग्नेशियम आणि सल्फेटचं काम मूत्रपिंडाकडं. लघवी आता थोडीच, पण दाट.

ही सगळी तयारी होते ती समुद्र पाहण्याआधी, नदीतच. दिवस मोठा होऊ लागला की वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक चढतात. कल्ल्यांत मीठ आत-बाहेर करायला लागणाऱ्या सोडियम-पोटॅशियम पंपाचा गोड्या पाण्याचा प्रकार घटतो, खाऱ्याचा वाढतो. अंगावरचे गडद उभे पट्टे चंदेरी थराखाली झाकले जातात, पंखांच्या कडा काळ्या पडतात, अंग सडपातळ होतं. काल प्रवाहाकडं तोंड करून आपल्या दगडाजवळची जागा भांडून राखणारं पोर आज कळपात शिरतं आणि बहुतेक रात्रीच्या अंधारात प्रवाहाबरोबर खाली निघतं.

याच दिवसांत त्याचे खवले सैल होतात. जाळीत घासला, कोरड्या हातानं धरला, की खवले गळालेच. अख्ख्या कैरीला मीठ लावलं तर साल बराच वेळ पाणी धरून ठेवतं, चिरली की धार लागते. खवले गेलेल्या माशाचं समुद्रात तेच होतं. मत्स्यपालनात पिल्लं हलवताना बहुतेकांची घाई इथंच नडत असावी.

घाई दुसरीकडंही नडते. पट्टे असलेलं कच्चं पोर थेट खाऱ्यात टाकलं तर रक्तात मीठ चढतं, स्नायूंतलं पाणी ओसरतं आणि ते मरतं; जगलंच तर खुरटून राहतं. उशीरही चालत नाही. निघायची मुदत काही आठवड्यांची, आणि पाणी तापलं की ती लवकर संपते. अडलेला मासा पुन्हा गोड्या पाण्याचा होतो, केलेली तयारी मोडून. हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं वाढवतात तिथं, म्हणून दिव्यांचाच ऋतू करतात: सुमारे 6 आठवडे दिवस लहान ठेवून खोटा हिवाळा, मग चोवीस तास उजेड. पाठवण्याआधी काही मासे 24 तास समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ठेवून रक्तातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक घटक, मोजतात; ते चढलं तर तयारी कच्ची. नॉर्वेत आम्लपावसानं नद्यांत ॲल्युमिनियम विरघळलं आणि ते कल्ल्यांवर बसून हीच तयारी बिघडवू लागलं. तिथं नद्यांत चुना टाकावा लागला.

नदीच्या मुखाशी पाणी मचूळ असतं, आपल्या बोअरच्या पाण्यासारखं. तिथं काही पोरं रेंगाळतात, काही थेट पुढं जातात.

आपली गोदावरी या खेळात अगदीच नाही असं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याच्या पुढं तेलंगणात, मग आंध्रात गेली की पुराच्या दिवसांत हिलसा मासा समुद्रातून तिच्यात चढतो. तिकडं त्याला पुलसा म्हणतात आणि त्यासाठी लोक वाट्टेल तो भाव देतात. फोडीचा हरभरा होणारा मासा. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी त्याची वाट अडते. नांदेडपर्यंत काही तो येत नाही.

परातीतल्या फोडी एव्हाना आक्रसल्यात. सुटलेलं पाणी काही घरांत फेकून देतात. फेकू नये.