दादाच्या गाण्यांतला ताशा

रविवार, रात्र

दादाची जुनी गाणी आज एकदाची नीट वाजली. नवतपा सुरू आहे, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, तेव्हा कूलरसमोर लॅपटॉप घेऊन ठाण मांडलं.

कॉलेजात असताना तो फास्टट्रॅकर २ वर गाणी रचायचा. स्वीडनच्या ट्रायटन ग्रुपने १९९४ साली काढलेला हा डॉसचा, म्हणजे जुन्या पीसींवरच्या सिस्टिमचा, प्रोग्राम. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुना डॉस पीसी उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तो बिनतक्रार उघडला, पण गाणं सुरू केलं की पहिलाच तुकडा गोल गोल फिरत राहायचा. खरं तर अशा वेळी बिघाड काय आहे ते आवाजच सांगतो. साउंड कार्ड मेमरीतला छोटासा बफर वाजवतं आणि संपत आला की आयआरक्यूची, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या ठरलेल्या क्रमांकाची, घंटा देतं. मग प्रोग्राम त्यात पुढचा आवाज भरतो. डॉसबॉक्सचं साउंड ब्लास्टर कार्ड ७ वर घंटा देत होतं, प्रोग्राम ५ वर कान देऊन बसला होता. पोर्ट २२० (कार्डाचा पत्ता) आणि डीएमए १ (मेमरीतून आवाज नेणारी वाट) जुळत होते, म्हणून वाजत तरी होतं. डॉसबॉक्समध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या दुसऱ्या साउंड कार्डाचा आयआरक्यू मुळातच ५ असतो आणि तेही पुढे लावून बघायचं होतं, म्हणून फास्टट्रॅकरमध्येच ७ केलं.

गाणं पुढे सरकलं, पण चरचर आली. साउंड ब्लास्टरवर गाण्यातले सगळे चॅनेल, म्हणजे एकाच वेळी वाजणारे आवाज, मिसळायचं काम प्रोसेसरवर पडतं आणि सायकल्स (डॉसबॉक्समधल्या नकली प्रोसेसरचा वेग) मॅक्सवर ठेवल्या की माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो. कंट्रोल-एफ११ दाबत सायकल्स उतरवल्या, मिक्सरचा प्रीबफर, म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, थोडा वाढवला. चरचर थांबली आणि मग तो ताशा ऐकू आला!

मारबतीच्या मिरवणुकीत दादाने टेपवर घेतलेला ताशा. काड्यांचा कडकडाट इतका बारीक की चरचरीत पार बुडून गेला होता. सॅम्पल, म्हणजे गाण्यात वापरलेला आवाजाचा तुकडा, कुठून घेतलं ते त्याने इन्स्ट्रुमेंटच्या नावाच्या रकान्यात रोमन लिपीत लिहून ठेवलंय. एका नावात अक्षरं संपली म्हणून वाक्य खालच्या रकान्यात गेलंय: ‘कूलर बंद करून पुन्हा घेणे, आई ओरडली’. लोक म्हणतात, एमपीथ्री करून टाक आणि मोकळी हो. एमपीथ्रीत हे कुठे दिसणार? मला ती गाणी त्याच पडद्यावर हवीत.

संध्याकाळी दादाला फोनवर ऐकवलं. तो लगेच म्हणाला, “अगं, तिसऱ्या पॅटर्नमध्ये टक् होतंय.” ते टक् फाइलमधलंच आहे, सॅम्पलचा लूप जिथे जुळतो तिथे त्याच्याच हातून राहिलेलं. दुरुस्त करू का विचारलं, तर म्हणाला, “राहू दे. आधी अल्ट्रासाउंडवर लावून बघ, मला ते कार्ड कधी घेताच आलं नाही.”

उद्या तेच.