कांद्याचे भाव आणि धरणाचा विसर्ग: रिक्वेस्ट्सच्या दुरुस्तीची नोंद

प्रकल्प जुनाच आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे रोजचे भाव, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला आकडा, दोन्ही एका एसक्यूलाइट फायलीत, म्हणजे एकाच फायलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये, जमा करायचे. भाषा पायथन, संकेतस्थळांकडून पानं मागवायला रिक्वेस्ट्स ही लायब्ररी, मशीन रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, ठरल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करायचं वेळापत्रक लिनक्सच्या क्रॉनचं. या टप्प्यात नवीन काही जोडलेलं नाही. विनंत्या अधूनमधून का फसतात ते शोधून त्या पक्क्या करण्यातच सगळा वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला.

आधी पद्धत ठरवून घेतली. नावावरून आयपी पत्ता मिळणं, टीसीपी जोडणी, टीएलएस (कूटबद्ध जोडणी, जिच्यात सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं), उत्तराची वाट आणि उत्तर वाचणं, एवढ्या टप्प्यांतून प्रत्येक विनंती जाते. गाडी कुठल्या टप्प्यावर अडली हे कळेपर्यंत कोडला हात लावायचा नाही. कनेक्ट टाइमआउट म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही. रीड टाइमआउट म्हणजे पोचलो, पण समोरून उत्तर येईना. मात्र एक्सेप्शन, म्हणजे कोडने उठवलेली चूक, पकडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. रिक्वेस्ट्समध्ये एसएसएल एरर (प्रमाणपत्राची तक्रार) आणि कनेक्ट टाइमआउट हे दोन्ही वर्ग कनेक्शन एररचेच उपवर्ग आहेत. कनेक्शन एरर आधी पकडला तर प्रमाणपत्राची तक्रारही लॉगमध्ये 'नेट नाही' म्हणून पडते आणि माणूस राउटर चालू-बंद करत बसतो. म्हणून नेमके वर्ग आधी, ढोबळ वर्ग शेवटी.

आत काय चाललंय ते पाहायला दोन खटके आहेत. रिक्वेस्ट्सच्या पोटातल्या यूआरएललिब३ लायब्ररीचा लॉगर डीबग पातळीवर नेला की प्रत्येक जोडणी, मागितलेला मार्ग आणि स्टेटस कोड, म्हणजे सर्व्हरने दिलेला निकालाचा क्रमांक, दिसतो. पायथनच्याच एचटीटीपी क्लायंटमध्ये डीबगलेव्हल १ केली की पाठवलेले आणि आलेले हेडरही (मजकुराआधीच्या माहितीच्या ओळी) दिसतात. हे दुसरं आउटपुट लॉगिंगमधून न येता थेट प्रिंट होतं, त्यामुळे क्रॉनमध्ये ते वेगळं फायलीकडे वळवावं लागतं.

टाइमआउट. रिक्वेस्ट्समध्ये तो मुळात नसतोच. आपण दिला नाही तर स्क्रिप्ट अनिश्चित काळ थांबू शकते. इकडे पुढच्या वेळेला क्रॉन दुसरी प्रत सुरू करतो, मग तिसरी, आणि डेटाबेसला कुलूप लागतं. आता सगळीकडे जोडी दिली आहे: जोडणीसाठी ३.०५ सेकंद, वाचण्यासाठी ३०. ३.०५ कशाला? टीसीपीचं पाकीट हरवलं तर ते पुन्हा पाठवण्याची मुदत पूर्वी ३ सेकंदांची धरत, म्हणून ३ च्या पटीपेक्षा जरासा जास्त आकडा ठेवायचा असं लायब्ररीचीच कागदपत्रं सुचवतात. आणि ३० सेकंद ही पूर्ण डाउनलोडची मर्यादा नव्हे. दोन बाइट्सच्या मध्ये सर्व्हर किती वेळ गप्प बसू शकतो, एवढंच ती सांगते. थेंबथेंब पाझरणारा सर्व्हर तिच्यात अडकत नाही. एकूण वेळेला बांध घालायचा तर लिनक्सची टाइमआउट आज्ञा बाहेरून लावा, आणि दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून एफलॉक ही कुलूप लावणारी आज्ञा.

सगळ्यात रंजक दुखणं अक्षरांचं निघालं. एका संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये मराठी स्वच्छ दिसत होतं, पण डेटाबेसमध्ये नुसता कचरा. डोक्यावर तिरकी खूण असलेला रोमन ए, त्याच्यामागे चार कोपऱ्यांना शेपट्या असलेलं छोटं वर्तुळ, हेच पुन्हा पुन्हा. कारण असं: सर्व्हरने कंटेंट-टाइप हेडरमध्ये टेक्स्ट/एचटीएमएल एवढंच सांगितलं आणि कॅरेक्टर-सेट, म्हणजे बाइट्सची अक्षरं कशी करायची ते, सांगितलं नाही, तर रिक्वेस्ट्स आयएसओ-८८५९-१ (लॅटिन-१) ही रोमन अक्षरांची जुनी पद्धत गृहीत धरते. पानाच्या आत तेच सांगणारा मेटा टॅग ती बघत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं असतं. 'नाशिक' मध्ये मात्रा धरून ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट्स. चुकीच्या वाचनात त्यांची १५ अक्षरं होतात. पडद्यावर तेवढी मोजता येत नाहीत, कारण 'क' चा शेवटचा बाइट अदृश्य नियंत्रण-चिन्ह बनतो. लांबी छापून पाहिली की मात्र १५ च येते. 'येवला' मध्ये एके ठिकाणी वर्तुळाऐवजी येनचं चिन्ह दिसतं, ते एकाराच्या मात्रेमुळे, कारण तिचा दुसरा बाइट वेगळा आहे. असा ठसा एकदा डोळ्यांत बसला की रोगाचं निदान लांबूनच होतं.

उपाय दोन. टेक्स्ट वाचण्याआधी उत्तराचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. किंवा टेक्स्ट सोडून कच्चा कंटेंट (नुसते बाइट्स) एचटीएमएल वाचणाऱ्या ब्यूटिफुल सूप लायब्ररीला द्या, ते मेटा टॅग स्वतः वाचतं. आम्ही दुसरा घेतला. आधी साठवलेल्या ओळीही फेकाव्या लागत नाहीत: मजकूर लॅटिन-१ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ मध्ये डीकोड केला की जसाच्या तसा परत येतो, एकही बाइट हरवत नाही. जाता जाता, देवनागरी आकडे बदलून घ्यायची गरज नाही. पायथनचं इंट '१८५०' सरळ वाचतं. हजाराचा स्वल्पविराम तेवढा आधी काढायचा.

प्रमाणपत्राच्या एररवर इंटरनेटभर एकच सल्ला फिरतो: व्हेरिफाय, म्हणजे प्रमाणपत्राची तपासणी, बंद करा. तो मानू नका. तपासणीच बंद केली तर आलेला आकडा खऱ्या सर्व्हरचा आहे याची काहीच खात्री उरत नाही. ओपनएसएसएल या साधनाच्या एस-क्लायंट आज्ञेने, शोसर्ट्स पर्याय लावून, पोर्ट ४४३ वर विचारा. साखळीत एकच प्रमाणपत्र आलं आणि खाली व्हेरिफाय एरर २० किंवा २१ दिसला, तर बहुधा सर्व्हर मधलं प्रमाणपत्र (त्याला मूळ विश्वासू संस्थेशी जोडणारं) पाठवत नाही. क्रोम ते स्वतः शोधून आणतो, पायथन आणत नाही. म्हणून 'ब्राउझरमध्ये तर चालतंय' असं वाटतं. पहिल्या प्रमाणपत्रातच 'सीए इश्यूअर्स', म्हणजे ते देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा, पत्ता असतो. तिथून मधलं उतरवा, डीईआर या बायनरी रूपात असेल तर पीईएम या मजकुरी रूपात बदला, सर्टिफायच्या फायलीची (विश्वासू प्रमाणपत्रांची यादी) प्रत काढून तिच्या तळाशी जोडा आणि व्हेरिफायला त्या प्रतीचा मार्ग द्या. मूळ फायलीत जोडू नका. पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

याच एररचं दुसरं कारण रास्पबेरी पायवाल्यांनी लक्षात ठेवावं. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की वेळ जुळेपर्यंत तो मागच्या तारखेत असतो आणि चांगली प्रमाणपत्रंही 'अजून वैध नाही' म्हणून नाकारतो. टाइमडेटसीटीएल ही आज्ञा 'सिंक्रोनाइज्ड: येस' म्हणेपर्यंत स्क्रिप्ट थांबवली की प्रश्न मिटतो.

पुन्हा प्रयत्न करण्यासाठी स्वतःचं फॉर-लूप काढून टाकलं. यूआरएललिब३ चा रिट्राय एचटीटीपी ॲडॉप्टरमधून सेशनला जोडला: एकूण ४, बॅकऑफ फॅक्टर (थांबा किती वाढवायचा ते) २, स्टेटस यादीत ४२९ (फार विनंत्या झाल्या) आणि ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हरची तात्पुरती अडचण). थांबे पडतात ते ०, ४, ८, १६ सेकंदांचे. पहिला पुनर्प्रयत्न लगेच होतो. सर्व्हरने रिट्राय-आफ्टर ('इतक्या वेळाने या') पाठवला तर तोच पाळला जातो. जुनी उदाहरणं चिकटवणाऱ्यांसाठी: कुठल्या प्रकारच्या विनंत्या पुन्हा पाठवायच्या ते सांगणारं मेथड-व्हाइटलिस्ट हे नाव यूआरएललिब३ च्या आवृत्ती २ मध्ये उडालं, आता अलाउड-मेथड्स. पोस्ट (माहिती पाठवणारी विनंती) त्यात आपोआप नसते आणि नसलेलीच बरी. ४०३ यादीत घालू नका. तो नकार आहे, पुन्हा पुन्हा विचारून होकार मिळत नाही. बहुतेकदा युजर-एजंट या ओळख सांगणाऱ्या हेडरमधलं पायथन-रिक्वेस्ट्स हे नाव त्याला कारण असतं. तिथे प्रकल्पाचं खरं नाव आणि संपर्क लिहा, आणि रोबोट्स फाइल वाचून जिथे मनाई आहे तिथे जाऊ नका.

तारीख निवडायची जुनी एएसपी डॉट नेट पानं थेट पोस्टला दाद देत नाहीत. आधी गेट करून (पान मागवून) व्ह्यूस्टेट आणि इव्हेंट-व्हॅलिडेशन ही लपलेली फील्ड उचला, त्याच सेशनमध्ये ती बाकीच्या फॉर्मसोबत परत पाठवा.

राहिला २०० चा, म्हणजे 'सगळं ठीक' या स्टेटस कोडचा, फसवा दिलासा. रिक्वेस्ट्स ४०४ किंवा ५०० वर आपण होऊन एरर देत नाही, त्यासाठी रेज-फॉर-स्टेटस लागतं. पण 'सेवा तात्पुरती बंद' असं पान २०० घेऊन आलं तर तेही उपयोगी नाही. म्हणून जेसन (डेटाचं रूप) वाचण्याआधी कंटेंट-टाइप तपासतो, जुळला नाही तर मजकुराची पहिली २०० अक्षरं लॉगमध्ये टाकतो. लिलाव बंद असलेल्या दिवशी येणारी रिकामी यादी ही चूक नाही. ती 'बंद' म्हणून वेगळी नोंदवतो.

विसर्गाच्या बाबतीत हा फरक फार जपला आहे. आकडा आलाच नाही तर तिथे शून्य कधीच भरायचं नाही, नल (माहिती नाही) ठेवायचं. पुराच्या दिवसांत नाशिकच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे सगळं शहर विचारत असतं. अशा वेळी फसलेल्या विनंतीमुळे आलेखावर 'विसर्ग शून्य' दिसणं अक्षम्य आहे. नल असलेल्या जागी आलेख आता तुटतो आणि शेवटच्या खऱ्या आकड्याची वेळ दाखवतो.

उरलेलं एक काम: ज्या नावांना आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ (नव्या आणि जुन्या पद्धतीचे) दोन्ही पत्ते आहेत तिथे जोडणीची मुदत प्रत्येक पत्त्याला वेगळी लागते, म्हणून ३.०५ चे सहा सेकंद होतात. कर्ल या आज्ञेला सक्तीने एकदा आयपीव्ही४ आणि एकदा आयपीव्ही६ वर पाठवून कुठला रस्ता बंद आहे ते आधी पाहणार, मग पुढचं.