ग्वाल्हेरला गेले तानसेनासाठी, ऐकून आले मोझार्ट

डिसेंबरात ग्वाल्हेरला जायला मला तानसेन समारोह पुरेसा असतो. तिथल्या लष्कर नावाच्या भागात आत्याचं घर, त्यामुळे राहण्याजेवणाची काळजी नाही. हजिऱ्याला तानसेनाच्या कबरीपाशी धृपद मनसोक्त ऐकलं, गळा गोड करणाऱ्या चिंचेची पानंही चघळली. पण लिहायचंय ते ग्वाल्हेरच्याच मुरार भागातल्या एका जुन्या चर्चमधल्या संध्याकाळीबद्दल.

आतेबहीण म्हणाली, "ताई, शाळेतली मुलं गाणार आहेत, चल." निघताना आत्याने माझ्या अंगावर आणखी एक शाल टाकली. "दगडी इमारत आहे गं, गारठशील."

आठ-नऊ वर्षांच्या पोरांपासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत सगळी मुलं तीन रांगांत उभी. साथीला एक की-बोर्ड. माइक नाही! हल्ली बारशालाही स्पीकर लावतात, त्यामुळे एवढ्यानेच माझं मन प्रसन्न झालं. नाताळची दोन-तीन गाणी झाली आणि मग युरोपीय संगीतकार मोझार्टचं 'आवे वेरुम कॉर्पुस' सुरू झालं. १७९१च्या जूनमध्ये, मृत्यूच्या सहा महिने आधी त्याने रचलेलं हे ख्रिस्ताच्या देहाला लॅटिनमधलं वंदन. जेमतेम साडेतीन मिनिटांचं.

माझा कान ग्वाल्हेर घराण्याच्या गाण्यावर वाढलेला. एक षड्ज, एक गळा, बाकी सगळे त्याच्या साथीला. इथे सुरांच्या चार वेगवेगळ्या ओळी एकदम चालतात आणि त्यातली एकही साथीची नसते. लहानग्यांच्या आवाजात मींड नाही, गमक नाही, कंपही नाही. सूर सरळ वर जाऊन थांबतो. दगडी भिंतींमुळे तो लगेच विरत नाही, पुढचा सूर त्याच्यावर येऊन टेकतो. क्रुसावरच्या ख्रिस्ताची कूस भेदल्याचे शब्द आले तिथे पट्टीच पालटली. माझ्या अंगावर काटा आला. शेवटाकडे लहानांनी उचललेली ओळ मोठ्या मुलांनी मागून धरली, तेव्हा मी उघड उघड रडत होते.

आणि शेवटचा सूर छताखाली अजून रेंगाळत असताना टाळ्या! पुढच्या दोन रांगा तर सबंध वेळ मोबाइल उंच धरून होत्या. मला मनापासून राग आला, अजूनही आहे. त्या सुराचा उरलेला भाग आमचाही होता.

कार्यक्रमानंतर गाणं बसवणाऱ्या सरांशी बोलले. पहिल्या रांगेतला गोड गळ्याचा मुलगा पुढच्या नाताळपर्यंत कदाचित ही ओळ गाऊ शकणार नाही, असं ते म्हणाले. वयात येताना मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांबतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. युरोपातल्या चर्चांमध्ये शतकानुशतकं बायकांना गाऊ देत नसत, म्हणून वरच्या ओळी मुलग्यांकडे आल्या, आणि दर काही वर्षांनी नवे गळे तयार करणं त्यांना भागच पडलं. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये लहानपणी गाणारा संगीतकार हायडनही आवाज फुटल्यावर बाहेर पडला होता. सरांकडे दुसरीतली चार मुलं आत्तापासून सरावाला येतात.

ज्या गावात ख्याल घरोघरी शिकवला गेला, तिथल्या गाणं शिकणाऱ्या मराठी मुलांना कुणीतरी या चर्चमध्ये नेऊन बसवायला हवं. आतेबहिणीला मी तसं बजावून आलेय. तिच्या क्लासमधली पोरं पुढच्या डिसेंबरात तिथे दिसली पाहिजेत, आणि मोबाइल घरी ठेवून.