नाशिकरोड ते सहार: संध्याकाळचं विमान आणि घाटकोपरची वीस मिनिटं

ओझरचं, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरचं, विमान आपल्याला हवं तिथे जात नसेल, तर नाशिककराला मुंबईचा सहार विमानतळ गाठावाच लागतो. विमान संध्याकाळचं असलं की बहुतेक जण द्वारका चौकातून टॅक्सी धरतात. विमानांचा नाद असलेल्यांना माझा सल्ला वेगळा आहे: रेल्वेने ठाणे, फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, हे खरं. पण आमण्यानंतर भिवंडी बायपास आणि ठाण्याचा माजिवडा चौक आहेच. तिथे किती वेळ जाईल, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. रेल्वेचा उशीर निदान मोबाइलवर आधी कळतो. शिवाय संध्याकाळची गर्दी मुंबईकडून ठाण्याकडे आणि मेट्रोत घाटकोपरकडे वाहते. आपण दोन्हीकडे उलट्या दिशेने जातो, म्हणून बॅगेसह डब्यात शिरता येतं.

वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडायचा. देशांतर्गत विमान ७.३० चं असेल, तर बॅगांचा काउंटर ६.३० ला बंद आणि गेट साधारण ७.०५ ला. म्हणजे टर्मिनलच्या दारात ५.४५ ला हवं. घाटकोपर ते मरोळ नाका चार स्टेशनं, दहा मिनिटं. मरोळला उन्नत मेट्रोतून उतरून भुयारी मेट्रोपर्यंत जायला आणखी दहा. सरकते जिने लांब आहेत. पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे विमानतळाचं टर्मिनल २. तिथून प्रस्थानाच्या मजल्यापर्यंत पंधरा मिनिटं धरा. म्हणजे घाटकोपर पाचला सोडायचं आणि ठाण्याला सव्वाचारच्या आत उतरलेलं असायचं. नाशिकरोडहून ठाण्याला सुमारे तीन तास लागतात, तरीही गाडी बाराच्या आसपासची निवडा. वरचा तास-सव्वा तास उशिरासाठी. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर सरळ सकाळची गाडी.

चुका ठरावीक होतात. गाडी ठाण्याला थांबत नसेल तर कल्याणला उतरून फास्ट लोकल घ्या. दादरपर्यंत गेलात तर उलटं यावं लागतं. तिकिटावर टी-१ की टी-२ हे घरूनच बघून निघा, कारण एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटतात. टी-१ साठी मरोळहून तिसरं स्टेशन. घाटकोपरचा पूल आणि जिने पाहता चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा, नाहीतर काउंटरवर बॅग उघडावी लागते.

आता खरी गंमत. गाडी वेळेवर आली, तर राखलेला वेळ टर्मिनलमध्ये घालवू नका, घाटकोपरला थांबा. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे विमानं सहसा पूर्वेकडून, धावपट्टी २७ वर (मुख्य धावपट्टी, पश्चिमेकडे तोंड करून वापरतात तेव्हाचं नाव) उतरतात आणि त्यांची वाट घाटकोपरवरूनच आहे. उंची दोनशे मीटरच्या आत. पूर्वेकडे तोंड करून उभं राहा: ऊन आपल्या पाठीवर आणि विमानाच्या नाकावर पडतं. चाकं खाली, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण उघडलेले. पोटाखालची चाकं मोजा. पंखाखालच्या एका पायाला दोन म्हणजे ए-३२० किंवा ७३७, चार म्हणजे सहसा ७८७, ए-३३० किंवा ए-३५०-९००, सहा दिसली आणि इंजिनं दोनच असली की ट्रिपल सेव्हन (७७७) किंवा ए-३५०-१०००. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं. उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये उडणारं एक बसवायचं असतं. तरी वीस मिनिटांत पाच-सात विमानं सहज होतात.

वेब चेक-इन करताना उजवीकडची खिडकी घ्या, पंखाच्या पुढची. उजेड असला, तर २७ वरून उड्डाण झालं की लगेच, किनाऱ्याच्या अलीकडे, उजव्या हाताला जुहूची छोटी धावपट्टी दिसते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानातून जुहूलाच उतरले होते. धावपट्टी काही सेकंदच दिसते, म्हणून विमान वळायच्या आधी कपाळ काचेला लावून बसा.