एकच निघतो, मग छापता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "एकच प्रत निघणार असेल तर एवढा खटाटोप कशाला? सरळ कागदावरच काढा की!" माझ्या मोनोप्रिंटसमोर, म्हणजे काचेवर शाईनं काढून कागदावर उचललेल्या एकुलत्या एक छाप्यासमोर, उभं राहून हे म्हणणारे तुम्ही पहिले नाही. मावशीनं तर हिशेबच मांडला होता: "एवढा पसारा घालून एकच? तेवढ्यात माझे शंभर पापड लाटून झाले असते."

प्रश्न रास्त आहे. छापायचं ते प्रती काढायला. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तो देवादिकांची चित्रं घरोघरी पोचावीत म्हणूनच. माझ्याकडे मात्र कोरलेलं लाकूड नाही की खोदलेला पत्रा नाही. गुळगुळीत काच, तिच्यावर ओली शाई, बास. कागदानं शाई उचलली की काचेवरचं चित्र गेलं. (काटेकोर माणसं याला मोनोटाइप म्हणतात. साच्यावर एखादी कायमची रेघ असेल, तीच दर वेळी वेगळी शाई लावून छापली, तर ते मोनोप्रिंट. आम्ही बोलताना दोन्हीची सरमिसळ करतो.)

आता मी छापते का, तर पहिलं कारण काळोख. काचेवर काळी तैलशाई घेऊन रोलर फिरवायला लागले की आधी चपचप आवाज येतो. शाई जास्त आहे. फिरवत राहायचं. मग तो आवाज बारीक होत जातो, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. इथे थांबायचं. काच पूर्ण काळी झालेली असते, आणि चित्र काढायचं ते पुसून. चिंधीनं, कापसाच्या काडीनं, नखानं, जुन्या कंगव्यानं. जिथे पुसलं तिथे उजेड. कोऱ्या कागदासमोर माझा हात आखडतो, काळ्या काचेसमोर नाही. इटलीतल्या जिनोआचा चित्रकार कास्तिल्योने १६४० च्या दशकात असाच शाई पुसून अंधारातून माणसं बाहेर काढत होता.

दुसरं कारण, शेवटचा हात माझा नसतो. माझ्याकडे प्रेस नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेतला पातळ कागद किंचित ओलावून काचेवर ठेवते आणि लाकडी पळीच्या पाठीनं घासते. मधून बाहेर, गोल गोल. खाली काय चाललंय ते दिसत नाही. दाब कमी पडला तिथे पांढरे ठिपके राहतात, जास्त झाला तिथे बारीक रेघ बुजते. जुलैत कागद हवेतूनच पाणी पितो आणि छापा वाळायला आठ-आठ दिवस घेतो. मे महिन्यात पंख्याखाली शाई इतकी चिकट होते की कागद सोलताना फाटतो. एकदा घाटातल्या पावसाचं अख्खं चित्र असं अर्धं काचेवर, अर्धं हातात राहिलं. ब्रशनं रंगवताना मी शेवटपर्यंत दुरुस्त्या करत बसते. इथे त्याला वावच नाही, आणि माझ्यासारखीला तेच बरं.

आणि 'एकच' हेही पुरतं खरं नाही. पहिला कागद उचलल्यावर काचेवर शाईची साय उरते. तिच्यावर दुसरा कागद घासला की फिकट, धुक्यातला छापा येतो. त्याला घोस्ट म्हणतात. फ्रेंच चित्रकार एदगार देगा अशा दुसऱ्या, फिक्या छाप्यांवर पेस्टलचे रंगीत खडू चढवून नर्तकी रंगवायचा. १८७७ च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्यानं अशी कामं लावलीही होती. मला विचाराल तर घोस्टवर काही चढवूच नये. पण देगाला सांगणार कोण!

मावशीचं राहिलं. बोलून झाल्यावर मी तिच्या हातात कापसाची काडी दिली. पदर खोचून ती काळ्या काचेसमोर बसली आणि तिच्या गावच्या घराचं अंगण पुसून काढलं. उजवीकडे तुळशीवृंदावन, डावीकडे पायरी. पळी मात्र माझ्यापेक्षा झकास चालवली, पुरणाचा हात आहे तिचा. कागद उचलला आणि तिचा चेहरा पडला.

"अगं, तुळस इकडे कशी आली? आमची दाराच्या उजव्या हाताला आहे."

छाप्यात सगळं आरशासारखं उलटं येतं, हे सांगायचं मी विसरले होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आतून बाहेर येताना मात्र अशीच दिसते."

आणि लगेच, "आणखी एक निघेल का गं?"

घोस्ट काढून दिला. वृंदावन जेमतेम दिसत होतं, पायरी तर नव्हतीच. घरी नेला तो तोच. काळा, ठसठशीत छापा अजून माझ्याकडे पडून आहे.