हजेरीपटातला बाजार

शुक्रवारी पटावर 63 आणि वर्गात 24. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी वर्ग भरलेला, पण गुरुवारी 27. त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवार ओस. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं हजेरी मांडून निवृत्त झालेली बाई मी, पण असला पट कधी पाहिला नव्हता.

2018 च्या सप्टेंबरात उत्तर घानात, तमाले शहराच्या पुढे डागोंबा लोकांच्या एका खेड्यात मी स्वयंसेवक शिक्षिका म्हणून गेले. पीतज्वराची लस, व्हिसा आणि मुलाचं "आई, या वयात?" हे सगळं उरकून. सहावीला गणित शिकवायचं होतं. तिथे तेव्हा तिसरीपर्यंत मुलं स्थानिक भाषेत, म्हणजे डागबानीत शिकायची आणि चौथीपासून माध्यम इंग्रजी व्हायचं. त्यामुळे सहावीतल्या पोराला अपूर्णांक परका आणि तो ज्या भाषेत सांगायचा तीही परकी. माझं इंग्रजी मंगळवेढ्याचं, त्यांचं तमालेचं. पहिले पंधरा दिवस एकमेकांकडे बघून हसण्यातच गेले.

दिवस सुरू व्हायचा हापशावर. पहिल्या पहाटे बादली घेऊन गेले आणि थबकलेच. तोच लांब दांडा, तीच आतली साखळी. इंडिया मार्क टू! सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या सोलापूर पंपावरून हे मॉडेल बेतलं आणि मग ते देशोदेशी गेलं. माझ्या जिल्ह्याचं नाव लावणाऱ्या पंपाचा वंशज तिथे उभा होता आणि दांडा मारायला मात्र मला बायका शिकवत होत्या, कारण पाणी भरायची माझी सवय सुटून जमाना झालेला.

तिथे एक चूक केली. नंबर आला म्हणून सरळ बादली लावली. सगळ्या गप्प झाल्या. मग एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन रीत शिकवली. आधी "देसिबा", म्हणजे शुभ सकाळ. समोरून "नाऽ". मग झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, आणि प्रत्येकाला पुन्हा "नाऽ". बोलताना जरा वाकायचं, मोठ्यांसमोर तर उकिडवंच बसायचं. पाणी त्यानंतर. आठवडाभरात सवय झाली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न आला: टिकली का लावत नाहीस? टीव्हीवर डब केलेल्या हिंदी मालिका बघून त्यांना माझ्यात काहीतरी कमी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी लावून गेले. पसंत पडली.

जेवण म्हणजे बहुतेक रोज तुओ झाफी. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा, सोबत आयोयोच्या पाल्याचा बुळबुळीत रस्सा. एकाच भांड्यातून, उजव्या हाताने. पहिला घास घशात अडकला, खोटं कशाला बोलू. पण भुईमुगाच्या शेंगा तिथेही पिकतात. घरमालकिणीच्या खलबत्त्यात लसूण-मिरची घालून चटणी कुटली, तिने चाटून बघितली आणि भांडं स्वतःकडे ओढून घेतलं. ऑक्टोबरात मलेरिया झाला, गोळ्यांनी बरा झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हजेरीचं मात्र डोक्यातून जाईना. शुक्रवार, गुरुवार, बुधवार, मंगळवार, सोमवार, असा रिकामा दिवस मागे मागे सरकत होता. मग दोन आठवडे रोज वर्ग भरला. मला वाटलं, माझ्या शिकवण्याने फरक पडला. घरी फोन करून सांगितलंसुद्धा. आणि 2 नोव्हेंबरच्या शुक्रवारी वर्गात पुन्हा 22.

मुख्याध्यापकांना विचारलं तर ते पोट धरून हसले. "मॅडम, बाजार!" तिथला बाजार दर सहा दिवसांनी भरतो. आजूबाजूच्या सहा गावांचे पाळीपाळीने सहा दिवस, आणि दिवसांना नावंही त्या गावांचीच. शाळेचं वेळापत्रक सात दिवसांचं, म्हणून बाजार दर खेपेला एक वार मागे येतो. ते दोन भरलेले आठवडे म्हणजे बाजार शनिवार-रविवारी पडले होते, एवढंच. गंमत बघा, हजेरीत लरिबा, लमिसी, तलाता अशी नावं, म्हणजे बुधवारी, गुरुवारी, मंगळवारी जन्मलेल्या. नावं सात दिवसांच्या हिशोबाची, पोट सहा दिवसांच्या. आपण तरी सात दिवसांना आठवडा म्हणतोच की.

बाजाराला मुली जास्त जात. चुंबळीवर परात, परातीत शेंगा नाहीतर पाण्याच्या पिशव्या. रागवायचं कोणाला? त्याच पैशातून वह्या येत होत्या.

नोव्हेंबरात दोन मुली आल्याच नाहीत. बाजाराचा दिवस गेला तरी नाहीत. राजधानी अक्राला गेल्या म्हणाले, बाजारात डोक्यावर ओझी वाहायला. अशा मुलींना तिथे कायायी म्हणतात आणि उत्तरेतून त्या मोठ्या संख्येने जातात. माझ्या जुन्या शाळेत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या नावापुढे मी गैरहजेरीची रेघ ओढायची, तशीच इथे ओढली. हात सराईत होता, त्याचंच वाईट वाटलं.

लसावि मी बाजारावरूनच शिकवला. बाजार सहा दिवसांनी, शुक्रवार सात दिवसांनी, मग शुक्रवारचा बाजार पुन्हा कधी? मी फळ्यावर पाढे मांडत होते, तोवर शेवटच्या बाकावरची पाणी विकणारी मुलगी म्हणाली, "42." कशावरून, विचारलं तर म्हणे आजी असंच मोजते. त्या दिवसापासून गणिताला ती पुढच्या बाकावर बसू लागली.

डिसेंबर लागला, हरमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ वर्गात येऊ लागली, फळा पुसला तरी पांढराच. मी सत्राच्या शेवटच्या चाचणीची तारीख त्याच्यावर लिहिली: शुक्रवार, 14 डिसेंबर. पुढच्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, बाजार."

2 नोव्हेंबरपासून बोटांवर मोजलं. बेचाळीस.

चाचणी गुरुवारी घेतली. 61 हजर.